टाके सुकले, यादी बंद

या वेळच्या जिल्हा बैठकीच्या अंकात पहिले पान ऊसदराला दिलेले नाही. ऊसदर आत आहे, वीजबिलांचा हिशेबही आत आहे. पहिले पान आम्ही जन्मतःच हृदयात दोष घेऊन आलेल्या मुलांसाठी ठेवले आहे. त्यातही त्यांच्या ऑपरेशनसाठी नाही, ऑपरेशननंतरच्या वर्षांसाठी.

काही कार्यकर्ते म्हणतील, हा विषय डॉक्टरांचा, संघटनेने यात कशाला पडायचे? आमचे म्हणणे असे. उत्पादनखर्चाचा हिशेब मांडायला चळवळीने शेतकऱ्याला शिकवले. बी-बियाणे, खत, मजुरी, पाणीपट्टी, बैलजोडीचा घसारा, कर्जाचे व्याज, सगळे आपण आता बोटांवर मोजतो. दवाखाना मात्र या हिशेबात कोठेच बसत नाही. हमीभावाची शिफारस करणारा कृषिमूल्य आयोगही तो धरत नाही. आणि घरात बसून विचारले, की म्हैस कशाला विकली, पाच गुंठ्यांचे खरेदीपत्र का करून दिले, सोसायटी का थकली, तर उत्तर पुन्हा पुन्हा एकच येते. जो खर्च घर मोडतो, तो चळवळीचा विषय नाही असे म्हणायला आम्ही तयार नाही.

दर हजार जिवंत जन्मांमागे आठ ते नऊ मुलांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो, असे जगभरचे प्रमाण आहे. आपल्या देशात वर्षाला दोन लाखांहून जास्त अशी मुले जन्मतात असा हृदयरोगतज्ज्ञांचा अंदाज आहे आणि त्यांतल्या साधारण पाचव्या हिश्श्याला पहिल्या वर्षातच उपचार करावा लागतो. म्हणजे उंब्रज, मसूर, चाफळ, तारळे, पाल या आपल्या टापूत हजार बाळंतपणे झाली, की त्यांत अशी आठ-नऊ बाळे धरून चालायचे. कोणाच्या हृदयाच्या पडद्याला छिद्र असते, कोणाची जन्मानंतर मिटायची रक्तवाहिनी उघडीच राहते, कोणाची मोठी धमनी एका जागी आवळलेली असते. कोणाचे ओठ आणि नखे रडताना निळी पडतात. आईने ग्रहणात विळीवर काही चिरले म्हणून हे होत नाही, हे एकदा स्पष्ट लिहून टाकतो, कारण त्या एका समजुतीपायी कित्येक सुनांनी सासरी जन्मभर बोलणी खाल्ली आहेत. बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. जवळच्या नात्यातल्या लग्नांत धोका थोडा वाढतो, हे मात्र खरे. आत्या-मामाच्या सोयरिकी आपल्याकडे अजून होतात, म्हणून सांगितले.

आता जे चांगले झाले ते आधी सांगू. १९९७ साली राज्यात जीवनदायी योजना आली. २०१२ साली तिच्या जागी राजीव गांधींच्या नावाची योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशभरचा आरंभ आपल्याच राज्यात, पालघरला झाला. त्यातले पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, मूल तपासते, संशय आला तर पुढे पाठवते. या सगळ्यामुळे पूर्वी जी पोरे 'अशक्त होते, गेले' म्हणून गेली असती, त्यांतली कित्येक आज शाळेत आहेत. पूर्वी अशा मुलाला वाचवायचे तर मुंबईतला माथाडी चुलता, त्याची दहा बाय दहाची खोली आणि परळच्या रुग्णालयांच्या रांगा एवढाच मार्ग आपल्या भागाला होता.

उणेही सांगू. पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्याला ही योजना मिळाली ती आत्महत्याग्रस्त म्हणून गणलेल्या चौदा जिल्ह्यांत. सातारा-सांगलीचा पांढऱ्या कार्डाचा शेतकरी वर्षानुवर्षे बाहेर राहिला, जसा काही आमचा ऊस सोन्याचा आहे. सर्व शिधापत्रिकाधारकांना पाच लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय २०२३ साली झाला. दुसरे असे, की शाळातपासणी सरकारी आणि अनुदानित शाळांपुरती आहे. पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जाणारे शेतकऱ्याचे पोर तिच्यात येत नाही.

पण या अंकाचा विषय याच्या पुढचा आहे. ऑपरेशन झाले. वर्तमानपत्रात बातमी आली. पुढाऱ्याचा फोटो आला. टाके सुकले. कागदावर त्या मुलापुढे 'उपचार पूर्ण' अशी खूण झाली. यानंतर त्या मुलाचे काय होते, हे तालुक्यात कोणालाही विचारा. आरोग्य खात्याकडे ऑपरेशनांचा आकडा असतो. दहा वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेल्यांपैकी गेल्या वर्षभरात किती जणांचे हृदय पुन्हा तपासले गेले, हा प्रश्न आढावा बैठकीत ऐकलेला एकही कार्यकर्ता आम्हाला भेटलेला नाही.

आपल्या लोकांना हे समजायला टेंभू पुरे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना उभ्या राहिल्या, कोट्यवधी रुपये गेले, नारळ फुटले. पुढे दुष्काळात पाणी हवे तेव्हा पंप बंद, कारण वीजबिल थकलेले. योजना बांधायला पैसा होता, चालवायला कोणी धरलाच नव्हता. बिलाचा ८१ टक्के भार सरकारने आणि १९ टक्के लाभधारकाने उचलायचा, हे ठरायला किती वर्षे आणि किती आंदोलने गेली ते आटपाडी-कवठेमहांकाळच्या लोकांना विचारा. ठिबकाचेही तेच. संच बसवायला अनुदान, फिल्टर धुवायला आणि नळ्या बदलायला काही नाही. तीन वर्षांनी नळ्या गोठ्याच्या कुडाला बांधलेल्या दिसतात. बांधणीचा खर्च दिसतो, देखभालीचा दिसत नाही, म्हणून राज्यकर्त्याला पहिला आवडतो. हृदयाच्या ऑपरेशनालाही हाच न्याय लावला गेला आहे, फरक एवढाच की येथे बंद पडतो तो पंप नव्हे.

हृदय 'दुरुस्त' करणे आणि 'बरे' करणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे जगाला समजायलाही वेळ लागला. निळ्या बाळांवरचे पहिले ऑपरेशन अमेरिकेत बाल्टिमोरला १९४४ च्या नोव्हेंबरात झाले. हेलन टॉसिग या बालहृदयतज्ज्ञ बाईंची कल्पना, ब्लेलॉक या सर्जनचा हात, आणि प्रयोगशाळेत ती पद्धत बसवणारे व्हिव्हियन थॉमस, जे कृष्णवर्णीय होते आणि ज्यांचे नाव पुष्कळ वर्षे कोणी घेतले नाही. त्यात दोष काढला नव्हता, फुप्फुसाकडे जास्त रक्त जाईल अशी वाट काढून दिली होती. १९५४ साली त्याच आजारात हृदय आतून दुरुस्त करण्याचे पहिले ऑपरेशन झाले. ती मुले जगली, मोठी झाली, कामाला लागली. आणि ती तीस-पस्तिशीची झाल्यावर डॉक्टरांना दिसू लागले, की दुरुस्तीलाही आयुष्य असते. लंडनमध्ये जेन सॉमरव्हिल यांनी १९७५ साली अशा मोठ्या झालेल्या रुग्णांसाठी वेगळा कक्षच काढला.

कारणे समजून घ्या, अवघड नाहीत. फॅलोचा चार दोषांचा आजार घ्या, ज्याला आपले लोक 'निळे बाळ' म्हणतात. त्याच्या ऑपरेशनात छिद्र बुजवतात आणि फुप्फुसाकडे जाणारा आवळलेला मार्ग मोकळा करतात. मार्ग मोकळा करताना तेथली झडप पुष्कळदा निकामी होते. मग फुप्फुसाकडे ढकललेले रक्त थोडे थोडे मागे गळत राहते. मूल धावते, खेळते, शाळेत जाते. त्याला काही जाणवत नाही. उजवा कप्पा मात्र दहा, पंधरा, वीस वर्षे फुगत राहतो. वेळेवर नवी झडप बसवली तर तो पुन्हा आटोक्यात येतो. वेळ गेली तर येत नाही, ठोका बिघडतो आणि चालता-बोलता तरणाताठा माणूस कोसळू शकतो. ही वेळ रुग्णाला स्वतःला कळत नाही. ती सोनोग्राफीसारख्या इकोच्या तपासणीत कळते, आणि तीही वर्षादोनवर्षांची मापे एकापुढे एक ठेवली तर. द्राक्षबागेत मुळाचा रोग पानावर दिसेपर्यंत वाट पाहणारा बागाईतदार तासगावात कोणी शहाणा म्हणत नाही.

दुसरे उदाहरण कृत्रिम नळीचे. काही बाळांना बसवलेली नळी ही तात्पुरती सोय असते. बाळ वाढते, नळी वाढत नाही. रोपाला घातलेले आळे झाडाला पुरेल काय? शिवाय अशा मुलाला उन्हाळ्यात जुलाब-उलट्या लागल्या आणि अंगातले पाणी कमी झाले, तर नळीत रक्त गोठून ती बंद पडण्याचा धोका असतो. त्याला 'संध्याकाळपर्यंत वाट पाहू' चालत नाही. आवळलेल्या धमनीचे ऑपरेशन झालेल्यांत ती जागा पुन्हा आवळू शकते आणि रक्तदाब चढतो. हे शोधायला मुंबई लागत नाही. उजव्या दंडाचा रक्तदाब आरोग्य केंद्रातली परिचारिका दर सहा महिन्यांनी मोजू शकते, पण तिला हे मूल कोण, त्याचे काय झाले होते, हे माहीत असायला हवे ना?

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. सगळ्यांना जन्मभर फेऱ्या लागत नाहीत. उघडी राहिलेली रक्तवाहिनी वेळेत बंद केली, लहान छिद्र बुजवले, तर पुष्कळ मुले पुढे इतरांसारखीच जगतात. उलट आपल्याकडे मास्तर आणि आजी मिळून अशा मुलाला खेळूच देत नाहीत, तेही चूक. काय खेळावे, काय टाळावे हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे. आमचा मुद्दा एवढाच, की कोणते मूल कोणत्या गटात आहे हे तज्ज्ञाने ठरवावे, एसटीच्या भाड्याने ठरवू नये.

कारण आज ते भाडेच ठरवते. कृष्णाकाठच्या एका घराची हकीगत सांगतो, गाव-नाव सांगत नाही. मुलगा तीन वर्षांचा असताना योजनेतून पुण्यात ऑपरेशन झाले, एक पैसा लागला नाही, आई-बाप अजून त्या डॉक्टरांचे नाव हात जोडून घेतात. पहिल्या दोन तपासण्यांना ते गेले. उंब्रजहून पुणे दीडशे किलोमीटर. पहाटेची धार सोडून निघायचे, दोन माणसांची मजुरी बुडवायची, रात्री उशिरा परतायचे. तिसऱ्या तारखेला उसाची लागण होती. चौथीला घरात लग्न. पुढे पोरगा ठणठणीत दिसू लागला आणि तारीख विसरली गेली. २०१९ च्या महापुरात घरात पाणी आले, ट्रंकेतली फाईल भिजून लगदा झाली. चौदाव्या वर्षी शाळेच्या मैदानावर त्याला चक्कर आली, तेव्हा नव्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, जुने ऑपरेशन नक्की कोणते? बापाला एवढेच सांगता आले, की 'हार्टचे'. त्या बापाला निष्काळजी म्हणणारे शहरात पुष्कळ भेटतील. आम्ही म्हणणार नाही. त्याने तीन वेळा जे केले ते एका दुभत्या जनावराच्या संसारात कमी नाही.

आणि हे आपल्याच अडाणीपणाने होते असे कोणी समजू नये. कॅनडातला क्वेबेक प्रांत घ्या. तेथे डॉक्टरला पैसे द्यावे लागत नाहीत, रस्ते चांगले, लोक शिकलेले. तेथली २००९ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते, की जन्मजात हृदयदोषाच्या रुग्णांपैकी सहाव्या वाढदिवसानंतर २८ टक्के, तेराव्यानंतर ४७ टक्के आणि अठराव्यानंतर ६१ टक्के रुग्णांनी हृदयतपासणी केलेलीच नव्हती. म्हणजे मूल बरे दिसू लागले की घर विसरते, हा माणसाचा स्वभाव आहे. म्हणूनच आठवण ठेवण्याचे काम यंत्रणेने करायचे असते. कारखाना उसाच्या नोंदीची तारीख विसरत नाही, बँक हप्त्याची तारीख विसरत नाही.

योजनेच्या कागदात पाठपुरावा हा शब्दच नाही, असेही नाही. राजीव गांधींच्या नावाच्या योजनेत ९७१ उपचारांबरोबर पाठपुराव्याची १२१ पॅकेजे होती. पण पॅकेज ही ठरलेल्या रकमेची आणि मुदतीची गोष्ट आहे, दोष जन्मभराचा आहे. आणि तपासणी कोठे, तर ऑपरेशन झाले त्या शहरात. खासगीत एकदा इको करायचा म्हणजे दीड-दोन हजार. रेल्वेचा सवलतीचा तक्ता पाहा, त्यात सरकारी डोके कसे चालते ते उघडे दिसते. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी आणि ठरावीक काळाने करायच्या तपासणीसाठी सवलत, थॅलेसेमियाच्या रुग्णाला तशीच. हृदयरुग्णाला मात्र हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी जाताना. मसूर स्टेशनवरून ऑपरेशनला जाणाऱ्या पोराला सवलत आहे. तेच पोर पुढच्या वर्षी तपासणीला निघाले की त्याने पूर्ण तिकीट काढावे.

मायबहिणींनो, मुलींचे वेगळे सांगावे लागते. दिल्लीच्या एम्समध्ये झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ऑपरेशनचा सल्ला मिळालेल्या मुलग्यांपैकी ७० टक्क्यांचे ऑपरेशन झाले, मुलींपैकी ४४ टक्क्यांचे. ही दिल्लीची गोष्ट म्हणून आपण सुटत नाही. आपल्याकडे ज्या मुलीचे ऑपरेशन होते, तिचे पुढे लपवले जाते. छातीवरचा व्रण झाकायला गळाबंद पोलके, स्थळ पाहायला आले की फाईल माळ्यावर, आणि तपासणी बंद, कारण कराडच्या दवाखान्यात कोणी ओळखीचे भेटेल. मग लग्न होते, दिवस जातात. गरोदरपणात हृदयावर जवळजवळ दीडपट काम पडते. पुष्कळ जणींना ते नीट झेपते, काहींच्या जिवावर येते, आणि कोणीला झेपेल हे आधी तपासूनच सांगता येते. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेणाऱ्या मुलीला तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना विचारायला हवे, कारण काही गोळ्या पोटातल्या बाळाला बाधतात. ज्या चळवळीच्या बायकांनी १९८६ साली चांदवडला मेळावा भरवून स्वतःचे प्रश्न स्वतः मांडले, तिच्या घरांत तरी ही फाईल माळ्यावर जाऊ नये. सोयरिकीच्या वेळी ती समोर ठेवा. पत्रिका दाखवता, मग ही का नको?

आणखी दोन-तीन गोष्टी घरात पाळण्यासारख्या आहेत. दात किडू देऊ नका. किडक्या दातातले जंतू रक्तातून दुरुस्त केलेल्या हृदयावर जाऊन बसतात आणि आतून ते खातात. दात काढायचा असेल तर डॉक्टरला आधी ऑपरेशनचे सांगा. अशा मुलाचा ताप आठवडाभर हटला नाही तर गावातल्या गावात अँटिबायोटिक बदलत बसू नका, आधी रक्ताचे कल्चर करून घ्या, नाहीतर जंतू लपतो. कृत्रिम झडपेमुळे रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर कंबरेत इंजेक्शन घेऊ नये, दुकानातून अंगदुखीची गोळी आणू नये, आणि रक्ताची तपासणी चुकवू नये. फाईलचे प्रत्येक पान मोबाइलवर फोटो काढून दोन नातेवाइकांकडे पाठवून ठेवा. पूर पुन्हा येणार आहे.

अठरा वर्षे पूर्ण झाली की दुसरे दार बंद होते. बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठरापर्यंत. बालरोगतज्ज्ञ म्हणतो, आता मोठ्यांच्या डॉक्टरकडे जा. मोठ्यांच्या हृदयतज्ज्ञाकडे दिवसभर रक्तवाहिनी तुंबलेल्यांची रांग. जन्मजात दोषाची दुरुस्ती झालेला तरुण त्याच्याकडे क्वचितच येतो. आणि हाच तो काळ, जेव्हा फॅलोच्या ऑपरेशनची झडप बदलायची वेळ येते. मुलगा त्या वेळी कुठे असतो? पुण्याला कंपनीत कंत्राटी, नाहीतर भावकीच्या ट्रॅक्टरवर.

ऊसतोडीला आलेल्यांचे तर नावच कुठे नसते. बीडकडचे कुटुंब दिवाळीच्या सुमारास आपल्या फडावर येते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला जाते. अंगणवाडीचे पथक गावी जाते तेव्हा पोर इकडे, इकडे येते तेव्हा ते फडात पाचटावर निजलेले. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून उसाच्या टनामागे दहा रुपये घ्यायचे ठरलेले आहेत. त्या पैशातून गाळप हंगामात प्रत्येक तळावर एकदा मुलांची तपासणी व्हावी आणि तिचा कागद मुलाबरोबर गावी जावा, ही मागणी आपण ऊस पिकवणाऱ्यांनीच केली पाहिजे. तो ऊस आपला आहे.

हे जमण्यासारखे आहे काय? केरळने २०१७ साली हृद्यम् नावाचा कार्यक्रम सुरू केला. दोष सापडला की मुलाची नोंद एकाच यादीत होते, निकड पाहून क्रम लागतो, रुग्णालय ठरते, आणि ऑपरेशननंतरही नाव यादीत राहते. जिल्ह्यातले केंद्र त्या मुलाच्या मागावर असते. केरळ काही आपल्याहून श्रीमंत राज्य नाही. शेजारच्या कर्नाटकात सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी २००३ पासून यशस्विनी योजना चालली, महिना पाच रुपयांपासून सुरुवात झाली आणि त्यात हृदयाची ऑपरेशने झाली. ती २०१८ साली सरकारी योजनेत विलीन करून बंद केली गेली, २०२२ साली पुन्हा सुरू करावी लागली. सहकाराचे माहेरघर म्हणवणाऱ्या आपल्या दोन जिल्ह्यांतल्या कारखान्यांना, दूध संघांना आणि मध्यवर्ती बँकांना एवढे सुचले नाही. यावर कोणी लगेच नवी कपात सुचवील, तर आमचा तिला विरोध आहे. मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठी उसाच्या टनामागे रक्कम घ्यायचे २०२५ साली ठरले तेव्हा शेतकरी संघटनांनी विरोध केला, तो बरोबरच होता. आधीच घेतात त्या पैशाचा हिशेब मागायचा आहे.

म्हणून जिल्हा बैठकीत आम्ही जो ठराव मांडणार आहोत, तो नव्या इमारतीचा नाही. सातारचे क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, कराडचे वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय आणि सांगली-मिरजेची शासकीय रुग्णालये, येथे दर तीन महिन्यांनी ठरलेल्या वारी बालहृदयतज्ज्ञ यावा आणि इको फुकट व्हावा. सातारला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, मिरजेला कधीचेच आहे, तेव्हा जागा नाही ही सबब चालणार नाही. तज्ज्ञ पुण्याहून एक दिवस आला तर चाळीस घरांचे चाळीस दिवस वाचतात. एका ठिकाणच्या तारखेची वर्दी आशाताईंकडे आठ दिवस आधी पोहोचावी. ऑपरेशन झालेल्या प्रत्येक मुलाला मराठीत लिहिलेली वही मिळावी, जिच्या पहिल्या पानावर दोष, ऑपरेशन, चालू औषध आणि पुढची तारीख असेल. नोंदीची दुसरी प्रत जिल्ह्यात राहावी. अठराव्या वर्षी नाव खोडले न जाता मोठ्यांच्या यादीत चढावे. एसटी कर्करोग, सिकलसेल, डायलिसिसच्या रुग्णांना सवलत देते, तशी या मुलाला आणि सोबतच्या एकाला तपासणीच्या दिवशी द्यावी. रेल्वेच्या तक्त्यात 'शस्त्रक्रिया' या शब्दापुढे 'व तपासणी' एवढे घालायला खासदाराला एक पत्र लिहावे लागेल, ते आम्ही तयार ठेवले आहे.

ठराव रिकाम्या हाताने मांडायचा नाही. बैठकीला येताना प्रत्येक गावशाखेने आपल्या गावातली माहिती आणावी. मुलाचे नाव लिहू नये; वय, मुलगा की मुलगी, ऑपरेशनचे साल, कोणत्या शहरात झाले, शेवटची तपासणी कधी, आणि फाईल घरात आहे की नाही, एवढेच. वाड्यावस्त्या सोडू नका, चालू हंगाम असेल तर तळही सोडू नका. ऑपरेशन सांगूनही झालेले नाही अशी मुले वेगळ्या कागदावर. कागद उंब्रज शाखेकडे बैठकीच्या आदल्या दिवसापर्यंत पोहोचावेत, म्हणजे बेरीज करून आरोग्य अधिकाऱ्यांपुढे ठेवता येईल.